वीझल : युद्धाच्या भंगारातून विज्ञानाच्या वाटेवर

मे २०२४ मध्ये कोची येथे अंटार्क्टिक करारातील राष्ट्रांची शेहेचाळिसावी सल्लागार बैठक भरली. त्या वेळी भारताने 'मैत्री' या आपल्या स्थानकाच्या परिसरात 'मैत्री-२' हे नवे स्थानक उभारण्याचा मनोदय मांडला. १९८९ पासून कार्यरत असलेले 'मैत्री' आता जुने झाले आहे, त्यामुळे ही बातमी स्वागतार्हच होती. अशा बातमीसोबत डोळ्यांपुढे उभी राहते ती इमारत. परंतु बर्फाच्या खंडावर इमारत उभी राहण्याआधी आणखी एक गोष्ट घडावी लागते. जहाज बर्फाच्या कड्याला लागते आणि तेथून 'मैत्री'पर्यंतचे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर प्रत्येक तुळई, प्रत्येक इंधनाचे पिंप आणि प्रत्येक उपकरण कोणीतरी ओढून न्यावे लागते. हे काम रुंद साखळीपट्ट्यांवर चालणारी वाहने करतात. त्यांच्याविषयी बातमी क्वचितच येते.

या वाहनांच्या वंशावळीत मागे गेल्यास एक वेगळाच पूर्वज भेटतो : दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत तयार झालेले 'एम-२९ वीझल' हे छोटेखानी वाहन. वीझल हा थंड प्रदेशातला, दिसायला आपल्या मुंगसासारखा, सडपातळ आणि चपळ प्राणी. त्याचे नाव या वाहनाला मिळाले. युद्ध संपल्यावर उरलेला माल म्हणून ते विकले गेले, शास्त्रज्ञांनी ते विकत घेतले आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील बर्फ किती जाड आहे हे मोजण्याच्या कामी लावले. आज युरोप-अमेरिकेतील हौशी संग्राहक हेच वाहन गंजलेल्या अवस्थेत विकत घेतात आणि वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालते करतात. या वाहनाचा इतिहास आणि त्याच्या जीर्णोद्धाराचे शास्त्र एकत्र पाहिले, तर त्यातून आपल्यालाही विचार करायला लावणारा एक प्रश्न पुढे येतो.

दाबाचे साधे गणित

बर्फावर वाहन चालवणे कठीण का, याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रात आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सत्तर किलोग्रॅम वजनाचा माणूस चालताना एका पावलावर भार देतो, तेव्हा त्याच्या बुटाखालचे क्षेत्रफळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर धरल्यास दाब येतो साधारण ३४ किलोपास्कल. भुसभुशीत हिमात तो गुडघाभर रुततो. आता माल भरलेला वीझल घ्या. त्याचे एकूण वजन सुमारे २,७०० किलोग्रॅम. परंतु त्याचे दोन पट्टे प्रत्येकी वीस इंच रुंद, आणि दोन्ही मिळून जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस मीटर. भागाकार केला की उत्तर येते १३ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे पावणेतीन टनांचे यंत्र बर्फावर माणसाच्या पावलाच्या निम्म्याहूनही कमी दाब देते. जेथे माणूस रुततो तेथून वीझल निघून जातो, त्याचे रहस्य एवढेच.

हे गणित ठाऊक असणे आणि ते यंत्रात उतरवणे यांत मात्र मोठे अंतर होते. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉट यांनी १९११ साली दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी साखळीपट्ट्यांच्या तीन मोटार-स्लेज नेल्या होत्या. त्यांतील एक जहाजावरून उतरवतानाच समुद्रावरचा बर्फ फुटून बुडाली. उरलेल्या दोन ऑक्टोबर १९११ मध्ये निघाल्या आणि प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात इंजिने निकामी होऊन वाटेत सोडाव्या लागल्या. त्या स्लेजचे पट्टे काम करत होते. हवेने थंड होणारी इंजिने मात्र जड ओझ्याखाली तापत आणि त्यांचे भाग तुटत. याउलट, अमेरिकेने १९३९ साली अंटार्क्टिकात नेलेला अवाढव्य 'स्नो क्रूझर' चाकांवर चालणारा होता. त्याचे गुळगुळीत टायर हिमात रुतून जागीच फिरत राहिले आणि उलट दिशेने चालवल्यावरच तो काहीसा पुढे सरकू लागला. या दोन अपयशांतून दिसते की बर्फावरच्या वाहनात दाब, पकड, इंजिनाचे तापमान आणि दुरुस्तीची सोय हे चारही प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात.

युद्धातला जन्म

वीझलमागची मूळ कल्पना जेफ्री पाइक या विलक्षण बुद्धीच्या आणि तितक्याच विक्षिप्त इंग्रज गृहस्थांची. जर्मनीच्या ताब्यातील नॉर्वेमध्ये बर्फावरून वेगाने हालचाल करणारी छोटी तुकडी उतरवावी, म्हणजे तिला शोधण्यासाठी शत्रूला कितीतरी मोठे सैन्य गुंतवून ठेवावे लागेल, असा त्यांचा विचार होता. संयुक्त मोहिमांचे तत्कालीन ब्रिटिश प्रमुख लॉर्ड माउंटबॅटन, म्हणजे पुढे भारताचे अखेरचे व्हाइसरॉय झाले तेच, यांनी ही कल्पना उचलून धरली. पाइक यांच्या मनात होते मळसूत्रासारख्या फिरणाऱ्या दंडगोलांवर चालणारे वाहन. अमेरिकी अभियंत्यांनी मात्र साखळीपट्ट्यांचा मार्ग निवडला आणि हे काम १९४२ साली मोटारी बनवणाऱ्या स्टुडबेकर कंपनीकडे आले.

नॉर्वेची योजना त्याच वर्षी बारगळली. वाहन मात्र तयार झाले. पहिल्या नमुन्यात इंजिन मागे होते. सुधारलेल्या 'एम-२९' मध्ये ते पुढे आणून चालकाच्या शेजारी बसवले आणि पट्टे ओढणारी दंतचक्रे मागे गेली. 'एम-२९सी' या पुढील आवृत्तीला पुढे-मागे पोकळ टाक्या आणि मागे दोन सुकाणू जोडले गेले. ती शांत पाण्यात तरंगू शकत असे. सर्व प्रकार मिळून सुमारे पंधरा हजार वीझल तयार झाले. बर्फासाठी जन्मलेले हे वाहन प्रत्यक्षात नेदरलंड्सच्या चिखलात, इटलीच्या डोंगरांत आणि पॅसिफिकमधील बेटांच्या वाळूत अधिक वापरले गेले. चिखल असो वा हिम, दाबाचे गणित तेच राहते.

भंगारातून बर्फावर

युद्ध संपले आणि ही हजारो वाहने अचानक निरुपयोगी ठरली. सैन्याचा उरलेला माल स्वस्तात विकला जाऊ लागला. युद्धाने खंगलेल्या युरोपातील ध्रुवीय शास्त्रज्ञांना ही संधी होती. तोवर बर्फावरचा प्रवास मुख्यतः कुत्र्यांच्या गाड्यांवर होत असे. कुत्र्यांची गाडी माणसांना दूरवर नेऊ शकत होती. पण स्फोटके, तारांची भेंडोळी, ध्वनिग्राहक आणि आलेख नोंदवणारी जड यंत्रे एवढे ओझे शेकडो किलोमीटर नेणे तिला फार अवघड होते.

ही जड उपकरणे लागत होती बर्फाची जाडी मोजण्यासाठी. पद्धत तत्त्वतः सोपी आहे. बर्फाच्या पृष्ठभागाजवळ छोटा स्फोट घडवायचा. त्यातून निघालेली लहर खाली जाते, तळाच्या खडकावर आदळते आणि परत येते. घन बर्फात ही लहर सेकंदाला सुमारे ३.८ किलोमीटर वेगाने धावते. प्रतिध्वनी बरोबर एका सेकंदाने परत आला, तर लहरीने जाऊन-येऊन ३.८ किलोमीटर अंतर कापले. म्हणजे बर्फाची जाडी १.९ किलोमीटर. ही एक नोंद झाली की काही किलोमीटर पुढे जायचे आणि पुन्हा तेच करायचे. अशा नोंदींची रांग लागली की बर्फाखाली दडलेल्या भूमीचा छेद कागदावर उमटू लागतो.

पॉल-एमिल व्हिक्टर यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच मोहिमांनी १९४८ पासून ग्रीनलंडवर नेमके हेच केले. त्यांच्याकडे होते युद्धातून उरलेले वीझल. त्या मोजणीतून स्पष्ट झाले की ग्रीनलंडच्या मध्यभागी बर्फाखालची जमीन एखाद्या परातीसारखी खोलगट असून तिचा काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. आज हिमस्तर वितळण्याचा आणि समुद्रपातळी वाढण्याचा अंदाज बांधताना बर्फाखालच्या जमिनीचा आकार ही पायाभूत माहिती मानली जाते. तिच्या पहिल्या विस्तृत नोंदी या जुन्या युद्धवाहनांच्या पाठीवरून आल्या. त्याची किंमतही मोजावी लागली : १९५१ च्या ऑगस्टमध्ये एक वीझल हिमभेगेत कोसळून त्या मोहिमेतील दोघांचा मृत्यू झाला.

एका मेकॅनिकचे नाव

याच सुमारास, १९४९ ते १९५२ या काळात, नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन यांची संयुक्त मोहीम अंटार्क्टिकातील क्वीन मॉड लँड या प्रदेशात गेली. भारतीय वाचकाला हा प्रदेश परका नाही. 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले स्थानक आणि नंतरचे 'मैत्री' दोन्ही याच प्रदेशात आहेत. त्या मोहिमेचा 'मॉडहाइम' हा तळ 'मैत्री'च्या पश्चिमेस सुमारे आठशे किलोमीटरवर, जवळपास त्याच अक्षांशावर होता. तेथेही वाहने होती वीझलच.

२४ फेब्रुवारी १९५१ रोजी मॉडहाइमजवळ धुके होते. चार जण बसलेला एक वीझल त्या धुक्यात बर्फाच्या कड्यावरून थेट समुद्रात गेला. त्यांतील एक जण पोहत एका हिमखंडापर्यंत पोहोचला आणि कित्येक तासांनी वाचवला गेला. बाकीचे तिघे बुडाले : मोहिमेच्या वाहनांची जबाबदारी सांभाळणारे स्वीडनचे बर्टिल एकस्ट्रॉम, त्यांच्या यंत्रविभागातील ब्रिटनचे लेस्ली क्वार आणि ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ जॉन जेलबार्ट. जी माणसे ही यंत्रे चालती ठेवत होती, त्यांतलीच दोन एका क्षणात गेली.

तरीही काम थांबले नाही. पुढच्या उन्हाळ्यात गॉर्डन रॉबिन यांच्या तुकडीने वीझल घेऊन आतल्या पठारावर शेकडो किलोमीटरचा प्रवास केला आणि बर्फाची जाडी मोजली. काही ठिकाणी ती दोन हजार मीटरहून अधिक भरली. वरून सपाट दिसणाऱ्या पांढऱ्या पठाराखाली पर्वत आणि खोल दऱ्या दडल्या आहेत, हे या मोजणीने दाखवले.

अंटार्क्टिकाच्या नकाशावर त्या किनाऱ्याकडे पाहिले, तर समुद्रावर तरंगणाऱ्या परंतु जमिनीच्या बर्फाला जोडलेल्या तीन विस्तीर्ण हिमस्तरांची नावे दिसतात : एकस्ट्रॉम, क्वार आणि जेलबार्ट. शास्त्रज्ञांच्या, राजांच्या आणि दर्यावर्दींच्या नावांनी भरलेल्या त्या नकाशावर वाहने दुरुस्त करणाऱ्या माणसांनाही बरोबरीची जागा मिळाली आहे. जर्मनीचे 'नॉयमायर' हे संशोधन स्थानक आज एकस्ट्रॉम हिमस्तरावर उभे आहे. तेथून प्रसिद्ध होणाऱ्या कितीतरी शोधनिबंधांत त्या मेकॅनिकचे नाव स्थळ म्हणून येते. वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते नाव कोणाचे, हे ठाऊक असते.

वीझलचा ध्रुवीय कारकिर्दीतील उत्तरार्ध १९५७-५८ च्या राष्ट्रकुल मोहिमेत दिसतो. व्हिव्हियन फुक्स यांनी २४ नोव्हेंबर १९५७ ते २ मार्च १९५८ या ९९ दिवसांत सुमारे ३,४७३ किलोमीटर प्रवास करून अंटार्क्टिका खंड प्रथमच जमिनीवरून आरपार ओलांडला. त्यांच्या ताफ्यात वीझलही होते. पण वाटेत एकेक सोडून द्यावे लागले. पलीकडच्या टोकाला पोहोचली ती टकर कंपनीची चार 'स्नो-कॅट' वाहने. त्यांतील 'एबल' नावाचे वाहन न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयाकडे आले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी याच मोहिमेत दुसऱ्या बाजूने शेतीचे फर्ग्युसन ट्रॅक्टर पट्टे चढवून दक्षिण ध्रुवावर घेऊन गेले होते. त्यांच्या ताफ्यातला वीझलही मध्येच थकला. एका युद्धासाठी, घाईने, थोड्या काळाच्या वापरासाठी बनवलेले यंत्र दहा-पंधरा वर्षे ध्रुवीय प्रदेशात राबले, हेच खरे तर आश्चर्य.

गंजलेला वीझल विकत घेताना

आज असा वीझल विकत घेणारा माणूस सहसा एखाद्या शेतातल्या कोठारात किंवा झाडाखाली उभे असलेले वाहन पाहायला जातो. काय पाहावे, याचे एक शास्त्र जाणकारांत रूढ झाले आहे, आणि ते पदार्थविज्ञानावरच आधारलेले आहे.

पहिली नजर जाते तळाकडे. वीझलची काया म्हणजे पत्र्याची एक उथळ होडी. जी पेटी बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तीच आत पडलेले पावसाचे पाणी बाहेरही जाऊ देत नाही. तळाची पाणी काढण्याची छिद्रे चिखलाने बुजली की वर्षानुवर्षे पाणी साचते आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग ठीक दिसत असला, तरी टोकदार वस्तूने तळ टोचून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

दुसरी आणि सर्वांत महागाची बाब म्हणजे पट्टे. वीझलचा पट्टा अखंड रबरी पट्ट्यांचा असून त्यात पोलादी तारांचे दोर घातलेले असतात आणि त्यावर धातूच्या पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. रबर म्हातारे होते तसे त्याला सूक्ष्म तडे जातात. त्यांतून पाणी शिरते आणि आतला दोर बाहेरून न दिसता गंजतो. उभ्या वाहनाचा पट्टा धडधाकट वाटतो. ते चार पावले चालवले की तुटतो. नवे पट्टे मूळ कारखान्यातून येण्याचा प्रश्नच नाही, कारण स्टुडबेकर कंपनीचे मोटारउत्पादन १९६६ मध्येच थांबले. म्हणून काही जण कारखान्यातील कन्व्हेयर बेल्टचा पट्टा कापून त्यावर जुन्या धातुपट्ट्या बसवतात. युक्ती चालते, पण वाहन मूळचे राहिले का, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

इंजिनाची बाब त्या मानाने सोपी. वीझलचे सहा सिलिंडरचे, सुमारे २.८ लिटरचे इंजिन हे स्टुडबेकरच्या 'चँपियन' या सर्वसामान्य मोटारीतलेच होते. युद्धकाळात वेळ वाचवण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाचा लाभ आजच्या संग्राहकाला मिळतो : जुन्या मोटारींचे सुटे भाग या वाहनालाही बसतात. तरी वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी जोडून लगेच फिरवण्याचा मोह टाळावा लागतो. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचे, काही दिवस मुरू द्यायचे आणि मग इंजिन हाताने हळूच फिरवून पाहायचे. चिकटलेली पिस्टन-कडी जोराने हलवली तर तुटते.

गिअरबॉक्सपुढची यंत्रणा मात्र या वाहनाची स्वतःची आहे. वीझलला मोटारीसारखे गोल चाक नसते. दोन दांडे असतात. डावा दांडा ओढला की डाव्या पट्ट्याचा वेग कमी होतो, उजव्याचा वाढतो आणि वाहन डावीकडे वळते. हे घडवणारा नियंत्रित डिफरन्शियल आणि त्यातले ब्रेक झिजले असतील, तर इतर कोणत्याही मोटारीचा भाग तेथे चालत नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून घासकाम करताना मुखपट्टी आणि ओलावा यांची काळजी घ्यावी लागते.

आणि शेवटी पाहायची ती एक छोटी धातूची पाटी. तिच्यावर वाहनाचा क्रमांक आणि निर्मितीची माहिती कोरलेली असते. ही पाटी नसेल तर वाहन चालते होऊ शकते. पण त्याचा भूतकाळ शोधणे अतिशय कठीण होते.

किती दुरुस्त करावे?

येथून पुढचा प्रश्न यंत्रज्ञाचा कमी आणि इतिहासकाराचा अधिक आहे. समजा, हाती आलेल्या वीझलवर वरचा रंग नारिंगी आहे. तो खरवडला की खाली लाल, त्याखाली पांढरा आणि सर्वांत खाली युद्धकाळातला लष्करी हिरवा रंग निघतो. संग्राहकाची स्वाभाविक इच्छा असते ती सगळे थर काढून वाहन १९४४ साली कारखान्यातून बाहेर पडले तसे करण्याची. परंतु ते वरचे थर म्हणजे त्या वाहनाचे आयुष्य आहे. नारिंगी रंग बर्फावर दुरून दिसावा म्हणून लावलेला असेल. छताला वेडेवाकडे वेल्ड केलेली एखादी कडी कोणा मोहिमेने तेथे ध्वनिग्राहकांची तार टांगण्यासाठी बसवलेली असेल. 'एम-२९सी'च्या तरंगत्या टाक्या काढून टाकल्या असतील, तर त्याही कोणीतरी वजन कमी करण्यासाठी विचारपूर्वक काढल्या असतील. 'मूळ' अवस्थेच्या नावाखाली हे सारे पुसले, तर उरतो एक चकचकीत लष्करी वीझल, आणि तसे शेकडो आहेत. नाहीसा होतो तो विज्ञानाच्या कामी आलेला एकमेव वीझल.

आपल्याकडे जुन्या दगडी देवळांना ऑइल पेंट फासण्याची चाल सर्वांच्या परिचयाची आहे. रंग देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला देऊळ उजळ करायचे असते. पण दगडावरचे टाकीचे घाव, झिजलेला शिलालेख आणि शतकांच्या स्पर्शाने आलेली गुळगुळी त्या रंगाखाली जाते. यंत्रांच्या बाबतीतही तेच घडते. म्हणूनच संवर्धनशास्त्र तीन साध्या गोष्टी सांगते. जे करावे लागेल तेवढेच करावे. जे केले ते पुढे कोणाला उलटवता येईल असे करावे. आणि जे केले त्या प्रत्येकाची नोंद ठेवावी : सुटा केलेला प्रत्येक भाग छायाचित्रासह, काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून.

याचा अर्थ जुने यंत्र चालवूच नये असा नाही. चालत्या यंत्रातून मिळणारे ज्ञान उभ्या यंत्रातून मिळत नाही. दांडा किती जोराने ओढावा लागतो, थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन किती वेळ कुरकुरते, आत बसल्यावर आवाज किती होतो, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. उणे तापमानात पोलाद ठिसूळ होते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या थंडीत हातमोजे काढून तुटलेला बोल्ट बदलणे वेगळे. मोहिमेच्या वैज्ञानिक अहवालात 'वाहन दोन दिवस बंद' एवढेच लिहिलेले असते. त्या दोन दिवसांत काय घडले असेल, याची कल्पना जुना वीझल पुन्हा चालता करणाऱ्यालाच येते. जीर्णोद्धार हे या अर्थाने इतिहासाचे प्रयोगात्मक वाचन आहे.

आपल्यापुढचा प्रश्न

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' या जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' उभे राहिले. ते बांधण्यात सैन्यदलातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. मॉडहाइमप्रमाणेच हे स्थानकही काही वर्षांत हिमाखाली गाडले गेले आणि १९९० मध्ये बंद करावे लागले. बर्फावरच्या इमारतींचे असेच होते. त्या जपता येत नाहीत. परत आणता येतात त्या हलत्या वस्तू : उपकरणे, स्लेज, वाहने.

आता त्या आरंभाला चाळीसहून अधिक वर्षे लोटली. नोव्हेंबर २०१० मध्ये रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तुकडी 'मैत्री'हून दक्षिण ध्रुवावर पोहोचली, तेव्हा तिची वाहने पट्ट्यांची नव्हती. कमी हवेच्या प्रचंड रुंद टायरांची होती. तत्त्व मात्र तेच : भार पसरवा, दाब कमी करा. तंत्र बदलत जाते, आणि बदलताना मागचे यंत्र जुने ठरते. १९९१ साली स्वीकारलेला आणि १९९८ पासून अंमलात असलेला माद्रिद शिष्टाचार सांगतो की अंटार्क्टिकावर निर्माण झालेला कचरा शक्य तेवढा तेथून हलवला पाहिजे; आपल्याकडे २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदाही त्या पर्यावरणाच्या रक्षणासाठीच आहे. हा नियम योग्यच आहे. परंतु निकामी वाहनाला केवळ कचरा मानले, तर त्याचा प्रवास जहाजातून थेट भंगाराच्या तराजूपर्यंत होऊ शकतो. युद्धानंतर वीझलचे हेच झाले. जे थोडे वाचले ते कोण्या संस्थेच्या दूरदृष्टीने नव्हे, तर बहुतांशी शेतकऱ्यांच्या कोठारांमुळे आणि हौशी माणसांच्या चिकाटीमुळे. अंटार्क्टिकाहून परत येणाऱ्या वाहनाला असे कोठार लाभत नाही. त्यासाठी निर्णयच घ्यावा लागतो.

'मैत्री-२' च्या निमित्ताने हा निर्णय घेण्याची वेळ आली आहे. नवे स्थानक उभे राहील तेव्हा जुन्या स्थानकाची आवराआवर होईल, आणि त्या आवराआवरीत काय ठेवायचे व काय टाकायचे हे ठरेल. अंटार्क्टिक कार्यक्रमाचे काम पाहणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्को द गामा येथे आहे. पहिली मोहीम जेथून निघाली त्याच गोव्यात ध्रुवीय बर्फावर राबलेले एखादे साखळीपट्ट्यांचे वाहन, त्याच्या ओरखड्यांसह, दुरुस्तीच्या नोंदवहीसह आणि ते चालवणाऱ्यांच्या नावांसह उभे राहिले, तर शाळकरी मुलांना दाबाचे सूत्र शिकवायला त्याहून चांगले साधन कोणते?

नावांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अंटार्क्टिकातील हम्बोल्ट पर्वतात 'इंडिया पॉइंट' येथे एक स्मृतिफलक आहे. नवव्या भारतीय मोहिमेतील चार जण ८ जानेवारी १९९० रोजी तेथील छावणीत अपघातात मृत्युमुखी पडले, त्यांची ती स्मृती आहे : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तीन शास्त्रज्ञ आणि भारतीय नौदलाचा एक संपर्क-तंत्रज्ञ. करारातील राष्ट्रांनी मान्य केलेल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याची नोंद आहे. शास्त्रज्ञांच्या शेजारी तंत्रज्ञाचीही आठवण तेथे राखली गेली, जशी एकस्ट्रॉम आणि क्वार यांची जेलबार्ट यांच्या शेजारी नकाशावर राखली गेली.

बर्फाची जाडी सांगणारा आकडा शोधनिबंधात छापला जातो आणि टिकतो. तो आकडा मिळावा म्हणून पहाटे उणे तीस अंशांत इंजिन सुरू करणाऱ्या माणसाचा हात मात्र कोठेही छापला जात नाही. त्याची खूण राहते ती यंत्रावर : बदललेल्या बोल्टावर, ठिगळ लावलेल्या पत्र्यावर, झिजलेल्या दांड्याच्या मुठीवर. म्हणून जुने हिमवाहन जपायचे ते त्याच्या इंजिनासाठी जितके, तितकेच त्या मुठीसाठी.